प्रॉडक्ट मॅनेजरच्या मुलाखतीपर्यंत: रेफरल कुणाकडे मागावा, कसा मागावा आणि मिळाल्यावर काय करावं

प्रॉडक्ट मॅनेजरची (पीएमची), म्हणजे प्रॉडक्टमध्ये काय बनवायचं आणि काय नाही हे ठरवणाऱ्याची, जागा निघाली की एक-दोन दिवसांत शेकडो अर्ज येऊन पडतात आणि त्यातले बरेचसे कुणी उघडूनही पाहत नाही. डेव्हलपरच्या जागेला अर्ज कमी येतात असं नाही, पण तिथे कंपनीची एक सोय असते. सगळ्यांना कोडिंगची ऑनलाइन टेस्ट पाठवायची आणि जे पार होतील त्यांना बोलवायचं. डिझायनरचा पोर्टफोलिओ उघडून बघता येतो. पीएमचं काय बघणार? त्याच्या कामात घेतलेले निर्णय असतात, ठामपणे नाकारलेली फीचर्स असतात, सेल्स आणि इंजिनिअरिंगमध्ये घडवून आणलेला समेट असतो. सीव्हीवर हे सगळं ‘क्रॉस-फंक्शनल टीमबरोबर काम केलं’ एवढ्या ओळीत आटोपतं, आणि ती ओळ सगळ्यांच्याच सीव्हीत असते. शिवाय या कामाला ठरलेली अशी पदवी नाही. इंजिनिअर, एमबीए, बिझनेस अॅनालिस्ट, कन्सल्टंट, टेस्टिंगवाले, स्वतःचा स्टार्टअप गुंडाळलेले संस्थापक, सगळेच अर्ज करतात. आणि सहा-आठ-दहा इंजिनिअरमागे पीएम एकच लागतो, त्यामुळे जागा मुळात थोड्या.

अशा वेळी रिक्रूटर आडून अंदाज बांधतो. आधीच्या कंपनीचं नाव, कॉलेजचं नाव आणि आतल्या कुणाचा तरी शब्द, म्हणजेच रेफरल. पहिल्या दोन गोष्टी आज बदलता येत नाहीत. तिसरीसाठी मात्र काही करता येतं, आणि ते बहुतेक जण फार ढिसाळपणे करतात. ‘प्लीज रेफर मी’ असा एकच मेसेज चाळीस अनोळखी लोकांना पाठवायचा आणि मग ‘रेफरलचा काही उपयोग होत नाही’ म्हणायचं.

आपल्याकडे दुसरं टोकही आहे. ‘कुणापुढे हात पसरायचा नाही’ या संस्कारातून अनेक चांगले उमेदवार ओळख असूनही विचारत नाहीत. हा वशिला आहे, असं त्यांना वाटतं. पण रेफर करणाऱ्याच्या हातात निर्णय नसतो. मुलाखत घेणारे वेगळेच असतात. शिवाय कंपनीनं स्वतःहून योजना आखून, बक्षीस ठेवून कर्मचाऱ्यांकडे नावं मागितलेली असतात. तेव्हा संकोच इथेच सोडा.

आत नेमकं काय होतं

रेफरल या एकाच नावाखाली तीन वेगळ्या गोष्टी चालतात. त्यांच्या वजनात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

पहिली म्हणजे पोर्टलवर टाकलेला सीव्ही. कर्मचारी कंपनीच्या अंतर्गत पोर्टलवर जातो, तुमचं नाव, ईमेल आणि सीव्ही भरतो. ग्रीनहाऊस, लीव्हर, वर्कडे, डार्विनबॉक्स अशी कुठलीतरी प्रणाली मागे असते. पुष्कळ ठिकाणी फॉर्ममध्ये विचारतात की या व्यक्तीला तुम्ही कसं ओळखता: एकत्र काम केलं आहे, वैयक्तिक ओळख आहे, की ओळखच नाही? अनोळखी माणसानं तुम्हाला रेफर केलं आणि तो प्रामाणिक असेल, तर तो तिसऱ्या पर्यायावर खूण करतो. मग तुमचा अर्ज साध्या अर्जाच्या जेमतेम एक पायरी वर राहतो.

दुसरी म्हणजे पोर्टलवर टाकून वर रिक्रूटरला किंवा हायरिंग मॅनेजरला (ज्याच्या टीममध्ये जागा आहे त्याला) दोन ओळींचा मेसेज. ‘हिच्याबरोबर मी काम केलंय, एकदा बोलून बघ.’ खरी जादू या मेसेजात असते, कारण आता सीव्ही न उघडणं रिक्रूटरला अवघड जातं. तिसरी गोष्ट दुर्मीळ: हायरिंग मॅनेजरनं तुमचं काम स्वतः पाहिलेलं असतं. अशा जागा कधीकधी जाहिरात निघण्याआधीच भरतात.

म्हणजे ‘किती जणांनी रेफर केलं’ ही मोजदाद निरर्थक आहे. पोर्टलवरचे दहा रेफरल एका बाजूला आणि हायरिंग मॅनेजरच्या चॅटमध्ये आलेल्या त्या दोन ओळी दुसऱ्या बाजूला ठेवल्या, तर मी दोन ओळी घेईन. इथून पुढची सगळी धडपड त्या दोन ओळी मिळवण्यासाठी आहे.

एक गोष्ट मात्र रेफरलनंही टळत नाही. अर्जात सुरुवातीला काही चाळणीचे प्रश्न असतात: अनुभवाची वर्षं, नोटीस पिरियड, शहर, परदेशातली जागा असेल तर व्हिसा. तिथे गाडी अडली की आतल्या माणसाचा शब्दही सहसा पुढे सरकत नाही. ‘पाच ते आठ वर्षं पीएमचा अनुभव’ लिहिलेल्या जागेला दीड वर्षाच्या अनुभवावर रेफरल मागू नका. रेफर करणाऱ्याची पत जाते आणि पुढच्या वेळी तो फोन उचलत नाही.

पायरी १: आधी यादी लहान करा

सगळीकडे अर्ज करणाऱ्याला कुणीच मनापासून रेफर करत नाही, कारण ‘हा माणूस आमच्याकडेच का?’ याचं उत्तर त्याच्याकडे नसतं. दहा-पंधरा कंपन्या निवडा. निवडताना शहर आणि पगार यांच्याआधी एक प्रश्न विचारा: माझ्या आजच्या कामातला कुठला प्रश्न त्या कंपनीलाही पडलेला आहे?

पुण्यातच बघा. आयसर्टिस करारांच्या व्यवस्थापनाचं सॉफ्टवेअर करते, द्रुवा डेटाच्या बॅकअपचं, माइंडटिकल सेल्सच्या लोकांना तयार करण्याचं. फर्स्टक्राय लहान मुलांचा माल थेट आईबाबांना विकते. मुंबईची ब्राउझरस्टॅक डेव्हलपर आणि टेस्टरसाठी साधनं बनवते. या सगळ्यांकडे पीएम असतात, पण एकाचं काम दुसऱ्याला लागू पडेलच असं नाही. पाच वर्षं टेस्टिंगमध्ये काढलेल्यानं टेस्टिंगचं साधन बनवणाऱ्या कंपनीकडे जावं; तिथे तो स्वतःच ग्राहक आहे.

हिंजवडी, खराडी, बाणेर इथल्या परदेशी बँका आणि बहुराष्ट्रीय कंपन्यांच्या केंद्रांबद्दल एक इशारा. तिथे पाटी अनेकदा ‘प्रॉडक्ट ओनर’ची असते, आणि रोडमॅप (पुढे काय बनवायचं याचा आराखडा) न्यूयॉर्कमध्ये किंवा लंडनमध्ये ठरून येतो, इथल्या माणसानं जिरामध्ये (कामं नोंदवायच्या साधनात) स्टोऱ्या, म्हणजे कामांचे तपशील, लिहायच्या. काही केंद्रांमध्ये खरोखर निर्णय इथे होतात. बाहेरून हे ओळखता येत नाही. आतला माणूस गाठायचं हेही एक कारण, रेफरल मिळो न मिळो.

पुढच्या पायऱ्यांसाठी एक उदाहरण धरून चालू. पुण्यातल्या एका विमा कंपनीत चार वर्षं बिझनेस अॅनालिस्ट असलेली उमेदवार. तिला पेमेंट कंपनीत पीएम व्हायचं आहे आणि जागा आहे ‘मर्चंट ऑनबोर्डिंग’ची, म्हणजे नवा दुकानदार किंवा व्यापारी नोंदवून घेणं. ‘मला फिनटेकची आवड आहे’ असं तिनं लिहिलं तर ती हजारांतली एक. पण विम्याच्या क्लेममध्ये लोक चुकीची कागदपत्रं अपलोड करतात आणि अर्ज परत येतात, हे तिचं चार वर्षांचं दुखणं आहे. व्यापाऱ्याची नोंदणीही तिथेच अडते. रिझर्व्ह बँकेनं मार्च २०२० मध्ये पेमेंट अॅग्रिगेटर कंपन्यांसाठी, म्हणजे व्यापाऱ्यांच्या वतीनं ऑनलाइन पैसे स्वीकारणाऱ्या कंपन्यांसाठी, जी नियमावली काढली, तिच्यात व्यापाऱ्याला जोडून घेण्यापूर्वी त्याची पार्श्वभूमी तपासणं आलं. म्हणजे कागदपत्रं आली, पडताळणी आली, अडकणारी माणसं आली. तिचा धागा हा आहे.

पायरी २: माणसं शोधा, आणि योग्य क्रमानं

लिंक्डइनवर कंपनीच्या पानावर जाऊन ‘पीपल’ उघडलं की तुमच्या कॉलेजचे, आधीच्या कंपनीतले, ओळखीच्यांच्या ओळखीचे असे लोक गाळून पाहता येतात. बहुतेक जण इथे पहिली चूक करतात: पदाच्या नावात ‘प्रॉडक्ट’ असलेल्यांनाच शोधतात. त्या बिचाऱ्यांच्या इनबॉक्समध्ये रोज तशा विनंत्यांचा ढीग पडलेला असतो.

तुम्हाला हवा आहे तो तुमचं काम जवळून पाहिलेला माणूस. तो डेव्हलपर असेल, टेस्टर असेल, डिझायनर असेल, सपोर्टमधला असेल. पीएम निवडताना हायरिंग मॅनेजरला सगळ्यात जास्त भीती असते ती इंजिनिअरांशी न पटणाऱ्या माणसाची. म्हणून एखादी डेव्हलपर सांगते की ‘हिनं लिहिलेली रिक्वायरमेंट वाचून आम्हाला परत विचारावं लागायचं नाही’, तेव्हा ते वाक्य अनोळखी सीनियर पीएमच्या कोरड्या शिफारशीपेक्षा मोठं ठरतं. तर आधी स्वतःच्या जुन्या टीम आठवा. कोण कुठे गेलं ते बघा. सहा वर्षांपूर्वी शेजारी बसणारा टेस्टर आज कुठे आहे हे आपल्याला माहीत नसतं, आणि तो नेमका हव्या त्या कंपनीत निघतो.

त्यानंतर कॉलेजचे सीनियर, मग मित्रांचे मित्र, अगदी शेवटी अनोळखी.

ओळख किती घट्ट असावी याबद्दल समाजशास्त्रात जुना अभ्यास आहे. मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी बोस्टनजवळच्या न्यूटन गावात नोकरी बदललेल्यांना विचारलं होतं की ज्याच्यामार्फत नोकरी कळली तो तुम्हाला किती वेळा भेटायचा. १९७३ च्या त्यांच्या प्रसिद्ध निबंधातले आकडे असे: वारंवार भेटणारे १६.७ टक्के, अधूनमधून भेटणारे ५५.६ टक्के, क्वचित भेटणारे २७.८ टक्के. जवळच्या मित्रांना जे माहीत असतं ते आपल्यालाही माहीत असतंच. नवी बातमी येते ती लांबच्या ओळखीतून. २०२२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात लिंक्डइनच्या दोन कोटी वापरकर्त्यांवर पाच वर्षं झालेल्या प्रयोगांचा अभ्यास आला. त्यात सगळ्यात उपयोगी ठरली ती मध्यम सैल ओळख, फार घट्टही नाही आणि अगदी नावापुरतीही नाही. आणि जे उद्योग जास्त डिजिटल, तिथे सैल ओळखीचा फायदा अधिक दिसला.

मात्र माझ्या मते पीएमच्या बाबतीत यातून अर्धंच उत्तर मिळतं. जागेची बातमी लांबच्या ओळखीतून येते, पण शब्द टाकायला काम पाहिलेला माणूस लागतो. बॅचच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर जागा कळली म्हणून ग्रुपवर टाकणाऱ्यालाच रेफर करायला सांगू नका. त्याच कंपनीत तुमच्याबरोबर काम केलेलं कुणी आहे का, ते आधी पाहा.

आणि ज्यांचे सीनियर अशा कंपन्यांत पोहोचलेलेच नाहीत त्यांचं काय? सीओईपी, व्हीजेटीआय किंवा आयआयटी मुंबईच्या मुलांना आयतं जाळं मिळतं. लातूरच्या किंवा गोंदियाच्या कॉलेजातून आलेल्याला ते मिळत नाही. रेफरलची पद्धत या अर्थानं अन्यायी आहे, ओळख असलेल्यांनाच आणखी ओळख देणारी. त्यावर गोड बोलून पांघरूण घालण्यात अर्थ नाही. तुमच्यासाठी रस्ता लांबचा आहे: पहिल्या नोकरीतले सहकारी हेच तुमचं कॉलेज. त्याच्या जोडीला ‘द प्रॉडक्ट फोक्स’सारखे स्वयंसेवी गट, शहरातले मीटअप, हॅकेथॉन. तिथे कार्ड वाटत फिरण्यापेक्षा एखाद्या कार्यक्रमाच्या आयोजनात हात लावलात तर लोक तुमचं काम बघतात, आणि नंतर ‘एकत्र काम केलं आहे’ या पर्यायावर खोटं न बोलता खूण करू शकतात.

पायरी ३: विचारण्याआधी सामान बांधून ठेवा

रेफर करणारा तुमच्यासाठी पाच मिनिटं देईल, पंचवीस देणार नाही. तुमचा मेसेज आला की त्याला उलट एकही प्रश्न विचारावा लागू नये. चार गोष्टी लागतात: जागेची थेट लिंक आणि जॉब आयडी, एका पानाचा सीव्ही पीडीएफमध्ये, अर्जात वापरणार तोच ईमेल आणि फोन, आणि त्याला जशाच्या तशा चिकटवता येतील अशा तीन ओळी.

या तीन ओळींवर सगळ्यात जास्त वेळ घालवा. त्या रेफर करणाऱ्याच्या तोंडून आल्यासारख्या लिहायच्या, म्हणजे तृतीयपुरुषात. आपल्या उदाहरणातल्या उमेदवारासाठी अशा काही (प्रत्यक्षात तुम्ही इंग्रजीत लिहाल, मजकूर महत्त्वाचा):

‘हिच्याबरोबर मी दोन वर्षं एकाच टीममध्ये होतो. आरोग्यविम्याचे क्लेम कागदपत्रं अपुरी म्हणून परत जायचे. हिनं सपोर्टचे कॉल ऐकून शोधलं की डिस्चार्ज समरी म्हणजे नेमका कुठला कागद हेच लोकांना कळत नाही, आणि अपलोडच्या जागी नमुन्याचा फोटो दाखवायचं आम्हाला पटवलं. परत जाणारे अर्ज निम्म्यावर आले. तुमच्या ऑनबोर्डिंगच्या जागेतही हाच प्रश्न दिसतो.’

यात प्रश्न आहे, शोध आहे, निर्णय आहे, परिणाम आहे आणि समोरच्या जागेशी दुवा आहे. ‘हुशार, मेहनती, टीम प्लेअर’ यातलं काही नाही. आकडा खरा असला पाहिजे हे सांगायला नको. मुलाखतीत पहिला प्रश्न त्याच्यावरच येतो: निम्म्यावर आले म्हणजे कितीवरून कितीवर, आणि ते या बदलामुळेच झालं हे कशावरून? उत्तर नसेल तर आकडा काढून टाका. आणि ज्याला या ओळी पाठवता त्यानं ते काम खरंच पाहिलेलं हवं. न पाहिलेल्या माणसाला ‘बरोबर काम केलं’ असं लिहायला लावणं म्हणजे त्याच्या नोकरीशी खेळ.

सीव्हीही याच चालीत बदला. ‘रिक्वायरमेंट गोळा करण्याची जबाबदारी होती’ हे वाक्य बिझनेस अॅनालिस्टचं आहे. तेच काम ‘कुठला प्रश्न निवडला, काय केलं, काय बदललं’ असं मांडलं की पीएमचं दिसू लागतं. सीव्हीच्या फाइलला ‘फायनल_नवीन_२’ असलं नाव नको. रेफर करणारा ती तशीच पुढे पाठवतो.

पायरी ४: मेसेज

जुन्या सहकाऱ्याला मेसेज करताना हवापाण्याच्या गप्पांचा फेरा घालू नका. तीन वर्षांनी ‘हाय, कसा आहेस?’ एवढंच आलं की समोरच्याला काम आहे हे कळतंच, आणि मग तो वाट बघत बसतो. सरळ लिहा:

‘अरे, खूप दिवसांनी लिहितेय, आणि कामासाठीच लिहितेय. तुमच्याकडे मर्चंट ऑनबोर्डिंगच्या पीएमची जागा निघाली आहे, लिंक खाली देतेय. आपण क्लेमच्या अपलोडवर जे काम केलं ते इथे थेट लागू पडतं असं वाटतं. रेफर करशील का? सीव्ही आणि फॉर्मसाठी तीन ओळी सोबत जोडल्या आहेत, त्यात हवं ते बदल. त्या टीमचा हायरिंग मॅनेजर कोण हे माहीत असेल तर तेही सांग. जमत नसेल तर काही वाटून घेऊ नकोस.’

शेवटचं वाक्य उपचाराचं नाही. नकार द्यायला मोकळी जागा ठेवली की लोक होकार जास्त सहज देतात, आणि मनाविरुद्ध दिलेला कोमट रेफरल तुमच्या वाट्याला येत नाही.

कॉलेजच्या न भेटलेल्या सीनियरला लिहिताना ‘रिस्पेक्टेड सर’ नको आणि एकदम ‘ब्रो’ही नको. ‘नमस्कार दादा’ किंवा ‘नमस्कार ताई’, तुमच्यानंतर अमुक बॅच, आणि लगेच मुद्दा. लिंक्डइनच्या निमंत्रणात जागा थोडी असते, त्यामुळे तिथे दोनच ओळी. बाकीचं निमंत्रण स्वीकारल्यावर. या मेसेजात रेफरलसोबत एक छोटा पर्यायही ठेवा: ‘ओळख नसताना नाव पुढे करणं अवघड वाटत असेल तर समजू शकते, या जागेचा रिक्रूटर कोण एवढं कळलं तरी मदत होईल.’ अनेक जण रेफर करत नाहीत, पण नाव सांगतात, आणि नाव कळलं की रिक्रूटरला थेट लिहिता येतं.

अगदी अनोळखी पीएमला मात्र पहिल्याच मेसेजात रेफरल मागू नये, असं माझं मत आहे. त्याच्याकडे तुमच्याबद्दल लिहायला काहीच नसतं. त्याच्या प्रॉडक्टचा तुम्ही केलेला नीट अभ्यास पाठवा: दोन पानं, पाच-सहा स्क्रीनशॉट, एक प्रश्न आणि त्यावर तुमचा उपाय. उदाहरणातल्या उमेदवारानं ओळखीच्या दोन-तीन दुकानदारांना शेजारी बसवून नोंदणी करायला लावली आणि ते कुठे थबकले ते टिपलं, तर तिच्या दोन पानांत असं काही असेल जे त्या पीएमनंही पाहिलेलं नसेल. ‘तुमच्या अॅपचा रंग बदला’ छापाची टिपणं मात्र पाठवू नका. आणि ‘फक्त पंधरा मिनिटं मार्गदर्शन हवं’ म्हणून कॉल घ्यायचा आणि चौदाव्या मिनिटाला रेफरल काढायचा, ही युक्ती सगळ्यांना पाठ झाली आहे. रेफरल हवा असेल तर आधीच सांगा.

पायरी ५: क्रम चुकवू नका

आधी रेफरल, मग अर्ज. अनेक कंपन्यांमध्ये तुम्ही स्वतः अर्ज केलेला असेल आणि तुमचं नाव प्रणालीत आधीच असेल, तर नंतर आलेला रेफरल धरला जात नाही. उत्साहात रात्री अकराला लिंक्डइनवरचं ‘ईझी अप्लाय’ दाबायचं आणि सकाळी मित्राला विचारायचं, हे घात करतं. कर्मचाऱ्यानं पोर्टलवर नाव टाकलं की काही ठिकाणी तुम्हाला ईमेलवर लिंक येते आणि अर्ज त्याच लिंकवरून करायचा असतो. ती स्पॅममध्ये गेली का बघा. ईमेल एकच वापरा; कॉलेजच्या काळातला एक आणि आत्ताचा एक असं झालं की दोन वेगळे उमेदवार तयार होतात.

एका कंपनीत एकाच माणसाकडून रेफरल घ्या. दोघांनी टाकलं तर सहसा पहिल्याचंच मोजतात, दुसऱ्याचे कष्ट वाया जातात आणि दोघांनाही कळतं. एकाच कंपनीच्या पाच वेगवेगळ्या जागांना अर्ज करणंही टाळा; रिक्रूटरला ते सगळं एकत्र दिसतं. पूर्वी त्याच कंपनीत मुलाखत होऊन नकार आला असेल तर ते रेफर करणाऱ्याला आधी सांगा. पुष्कळ ठिकाणी सहा महिने ते वर्षभर पुन्हा घेत नाहीत.

वेळेचं म्हणाल तर जागा निघाल्यापासूनचे पहिले काही दिवस मोलाचे. महिनाभर जुन्या जाहिरातीवर रेफरल मागण्याआधी जागा खरंच खुली आहे का एवढंच विचारा. पुष्कळदा शेवटच्या फेऱ्या चालू असतात आणि जाहिरात उतरवायची कुणाला आठवण नसते.

पायरी ६: आतल्या माणसाला काय विचाराल

रेफर करणारा दहा मिनिटं बोलायला तयार असेल तर ती दहा मिनिटं रेफरलइतकीच किमती आहेत. जागा नवी आहे की कुणी सोडून गेलं? गेलं असेल तर का? त्या टीममध्ये पीएमला निर्णय किती घेता येतात? किती फेऱ्या, घरी करायची असाइनमेंट असते का, आकड्यांवर भर असतो की प्रॉडक्टच्या समजेवर? आधीचे उमेदवार कशात पडले? मुलाखतीतले नेमके प्रश्न मात्र विचारू नका. तो सांगणार नाही, आणि सांगितले तर अडचणीत येईल.

पायरी ७: नंतरचा शिष्टाचार

आठवडाभर थांबा, मग एकदा विचारा. आणखी दहा दिवसांनी आणखी एकदा. त्यापुढे गप्प बसा. रेफर करणाऱ्यालाही पोर्टलवर ‘प्रक्रिया सुरू आहे’ यापलीकडे फारसं दिसत नाही.

रिक्रूटरचा फोन आला की त्याच दिवशी रेफर करणाऱ्याला कळवा. रेफरल असला की फोन कधीकधी दोनच दिवसांत येतो, म्हणून सध्याचा सीटीसी (वर्षाचं एकूण वेतन), अपेक्षा, नोटीस पिरियड आणि ‘आत्ताची नोकरी का सोडताय’ याची उत्तरं तयार हवीत. मुलाखतीत रेफर करणाऱ्याचं नाव उगाच मध्ये आणू नका. समोरच्याला ते सहसा माहीत असतं, आणि निर्णयात त्याला फारशी जागा नसते. अॅमेझॉनमध्ये तर मुलाखतीच्या पॅनेलवर ‘बार रेझर’ म्हणून एक जण मुद्दाम बाहेरच्या टीममधला बसवतात, जागा भरण्याच्या घाईत दर्जा खाली येऊ नये म्हणून. नकार आला तरी कळवा. ज्याला नकाराची बातमीही मिळते तो पुढच्या वेळी पुन्हा नाव टाकतो.

आता भारतातलं खरं दुखणं. साठ-नव्वद दिवसांच्या नोटीस पिरियडमध्ये लोक हातात ऑफर ठेवून आणखी दोन ऑफर गोळा करतात आणि रुजू होण्याच्या आदल्या दिवशी फोन बंद करतात. कंपनी सहसा कोर्टात जात नाही. पण तुम्हाला ज्यानं रेफर केलं त्याचं नाव रिक्रूटरच्या लक्षात राहतं आणि त्याच्या पुढच्या उमेदवाराकडे संशयानं पाहिलं जातं. दुसरीकडे जायचं ठरलं तर जा, त्यात काही गैर नाही. मात्र ठरलं त्या दिवशी आधी रेफर करणाऱ्याला फोन करा, मग एचआरला मेल.

परदेशातली ओळख

मामेभाऊ सिएटलमध्ये एखाद्या मोठ्या कंपनीत आहे, त्याच्याकडून रेफरल घ्यावा का? कंपनीच्या भारतातल्या जागेसाठी तो पोर्टलवर नाव टाकू शकतो, पण बंगळुरूच्या किंवा पुण्याच्या रिक्रूटरला तो ओळखत नाही, त्यामुळे बहुधा पहिल्याच प्रकारचा, पोर्टलपुरता रेफरल मिळतो. त्याच्याकडून इथल्या टीममधल्या कुणाची ओळख करून घेणं जास्त फायद्याचं. आणि थेट अमेरिकेतल्या जागेसाठी विचारत असाल तर तिथे एच-१बी व्हिसाची मर्यादा आडवी येते: वर्षाला ६५,००० आणि अमेरिकी पदव्युत्तर पदवीवाल्यांसाठी आणखी २०,०००. त्यातच सप्टेंबर २०२५ मध्ये अनेक नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचा भार टाकण्याचा आदेश निघाला. त्यापेक्षा त्याच कंपनीच्या भारतातल्या कार्यालयात शिरून नंतर बदली मागणं वास्तवाला धरून आहे. अशा बदलीच्या एल-१ व्हिसासाठी कंपनीत अमेरिकेबाहेर किमान एक वर्ष काम झालेलं लागतं.

विकत मिळणारे रेफरल, आणि रेफरल नसताना

टेलिग्रामवर पैसे घेऊन रेफरल देणारे लोक भेटतात. पैसे देऊ नका. त्यातले काही निव्वळ फसवणूक करणारे असतात. बाकीचे खरे कर्मचारी असले तरी ते पोर्टलवर शेकडो नावं ओततात, आणि रिक्रूटर अशा माणसाचे रेफरल बघायचंच सोडून देतो.

ज्यांच्या पदाला आजवर ‘प्रॉडक्ट’ हा शब्द कधी लागलाच नाही, त्यांनी बाहेरचे रेफरल गोळा करण्याआधी स्वतःच्या कंपनीत बघावं. पहिली पीएमची खुर्ची मिळण्याचा सगळ्यात चालता रस्ता मला तरी तोच दिसतो. तिथे तुमचं काम बघितलेली माणसं आयती आहेत, डोमेन तुम्हाला येतं आणि मॅनेजरचा शब्द हाच रेफरल. एखाद्या पीएमचं लहान फीचर सहा महिने पूर्ण अंगावर घ्या: प्रश्न शोधण्यापासून रिलीजनंतरचे आकडे बघण्यापर्यंत. त्यानंतर पद मिळालं तर उत्तम. नाही मिळालं तरी रेफरलच्या तीन ओळींत घालायला काहीतरी हाती येतं.

ऑफर स्वीकारलीत की रेफर करणाऱ्याला रुजू होण्याची तारीख कळवा. बक्षिसाची रक्कम बहुतेक कंपन्या तुम्ही रुजू होऊन काही महिने टिकल्यावरच त्याला देतात. त्यात वाटा मागायचा नसतो.